कार्पेटच्या दुकानामागचं तळं

एडिसन, ३ जून २०२४

चि. मनोहर यास शोभनाताईचे अनेक आशीर्वाद.

माझे कान हल्ली फोनला अजिबात दाद देत नाहीत, म्हणून हा कागद. तुला वाचायला तरी येतं, अशी आशा आहे.

तू पाठवलेला फोटो तुझ्या लेकीने, आसावरीने, फॅमिली ग्रुपवर टाकला. माझ्या भावाच्या हातात जिवंत मासा! लहानपणी मासळीवाल्यांची गल्ली नको म्हणून मला वळसा घालायला लावायचास, विसरलास? चाळीस वर्षं मोटारींचे ब्रेक तपासलेस आणि आता रिटायर झाल्यावर मुक्या जिवांच्या मागे लागलास. माझ्या अमेयला मामा एकदम कूल वाटतो. मला वाटत नाही.

तुझी प्रीता जाऊन आठ महिने झाले. तेव्हा माझ्या खुब्याचं ऑपरेशन होतं, मला येता आलं नाही, ते अजून मनाला लागून आहे. इथे खालची खोली रिकामी आहे. तू तिथे काय खातोस, कधी खातोस, सविस्तर लिही.

रागावले असले तरी तुझीच,
ताई


ट्रॉय, १२ जून २०२४

ती. ताईस, मनोहरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

जेवण रोज होतं. सिंकपाशी उभ्याने खातो, आवराआवर कमी पडते. आसावरीने त्या फोटोवर मला अंगठा पाठवला होता. तू निदान दोन पानं रागावलीस, बरं वाटलं.

मासा मी मारत नाही. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकलाय, रबरी गांडूळ लावतो आणि मासा आला की पाण्यात परत सोडतो. तो बास जातीचा. बंद पडलेल्या कार्पेटच्या दुकानामागे पावसाचं पाणी साठवायला खणलेलं एक तळं आहे. त्यात शॉपिंग कार्ट बुडालेली दिसते. तिथे मासा असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, त्यामुळे कुणी फिरकत नाही. मी आणि बदकं.

आता खरं सांगतो, कारण तुला तोंडाने सांगणं जमणार नाही. प्रीताच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. मी मागच्या अंगणात दोन तास उभा होतो. आसावरीकडे बघेन, असं प्रीताला म्हणालो, तुझी अबोलीची कुंडी थंडीत आत घेईन म्हणालो, तुझ्या साड्या तुझ्या बहिणीला देईन म्हणालो. कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली उतरले नाहीत. व्हिडिओवरच्या गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि पिंड पाण्यात सोडायला सांगितलं. जवळचं पाणी म्हणजे हेच तळं, इथेच सोडला.

पण त्या पाण्यात जिवंत काही आहे का, हा प्रश्न पाठ सोडेना. कुणीतरी तो भात खायला हवा होता गं. म्हणून वसंतात लायसन्स काढून गळ टाकला. बास भात खात नाही हे मी वाचलंय. पण बारके मासे खातात, आणि त्यांना बास खातो. ओठ फाटलेला एक मासा मी चारदा धरलाय. धरला की थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसतो. मला फार एकटं वाटतं, ताई. तिचं काय राहिलं होतं, ते मला ओळखता आलं नाही.

अमेयला आशीर्वाद. वेड्या भावावर माया असू दे.

तुझा,
मनोहर


एडिसन, २० जून २०२४

चि. मनोहर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माशांवरून बोलले ते मागे घेते.

चूक माझी आहे. जायच्या आठवडाभर आधी प्रीताने हॉस्पिटलमधून मला फोन केला होता. तेव्हा थोडंफार ऐकू यायचं. ती म्हणाली, हे एकटे असले की उभ्याने जेवतात, मी नसले की त्यांना टेबलाशी बसवायचं काम तुमचं. मी हो म्हटलं, हसण्यावारी नेलं, आणि माझ्या खुब्याच्या गडबडीत ते पार विसरून गेले. परवा तुझ्या पत्रात सिंक वाचलं आणि हातातला चहा गार झाला.

तू तिला सगळ्यांचं कबूल केलंस, मनू. त्यात तू कुठे होतास?

क्षमा मागते,
ताई


ट्रॉय, २९ जून २०२४

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

पत्र आलं त्या दुपारी गळ न घेताच तळ्यावर गेलो. काठावर उभा राहून मोठ्याने म्हणालो, बसून जेवेन. बदकांनी मान वर करून पाहिलं. कावळा आला नाही, मासाही वर आला नाही. बराच वेळ थांबलो आणि परत आलो.

टेबलावर आठ महिन्यांचं टपाल साचलं होतं, ते उचललं. वरणभात केला, तूप वाढलं आणि बसलो. समोर तिची खुर्ची. म्हणूनच इतके दिवस बसत नव्हतो. पहिला घास घशाखाली जायला फार वेळ लागला, मग दुसरा गेला. रडलो, पण उठलो नाही. ताट संपवलं.

दिवाळीला येतो. तोवर रोज बसेन.

हे पत्र त्याच टेबलावर लिहितोय. कागदाच्या कोपऱ्यात वरणाचा डाग पडलाय, तो मुद्दाम पुसला नाही. प्रीताला दाखवता येत नाही, तू बघ.

तुझी माया आणि तुझा राग, दोन्ही असेच चालू राहोत.

तुझा,
मनू