छपरावरची सळी आणि निपाणीचे पाव्हणे

१६ एप्रिल १९८६
टायपिंग क्लासच्या मशिनवर लिवतोय. शुद्धलेखन चुकणार आन् बोटं लई हळू चालत्यात. म्हणून आधीच माझी मलाच सॉरी.
काल अनगोळात आमच्या वळखीच्या मारुतीरावांच्या नारळावर वीज पडली. शेंडा जळला. शाळा आठवीत सोडली तरी सायन्स डोक्यात हाय. वीज उंच वस्तू गाठती, धातूवाटं जमिनीत जाती. आमच्या छपरावर सळी लावणार. गल्लीला भाषण करून समजावणार. उद्यापास्नं लाजणं बंद.

१८ एप्रिल
भाषण पुढं ढकललं. घसा बसल्यागत वाटतोय.
उद्यमबागेत फौंड्रीत मी हेल्पर. कल्लाप्पा मिस्त्रीनं सळी दिली, कशाला रं, म्हणाला. असंच, म्हटलं. वर चार आडव्या पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या. जास्त टोकं, जास्त सेफ्टी. हे पुस्तकात न्हाय, माझं हाय.

२० एप्रिल, रविवार
सळी चढली. तार मागनं खाली आणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरली. गल्ली बघत उभारलेली! शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या, भावकू, पुढच्या रविवारी आमची पोरं बसाय येऊ देत की रं. व्हय म्हटलं. लोकांस्नी सायन्सची गोडी हाय. सांगणारा पायजे.

२२ एप्रिल
मारुतीराव माझ्या आक्काला बघाय निपाणीचे पाव्हणे घेऊन आलते. नवरदेवाचा बा आक्कापेक्षा छपराकडंच बघत होता. घर सुधारलेलं हाय म्हणाला. रविवारी संध्याकाळी समदी येतो, सुपारी फोडूया. आईच्या डोळ्याला पाणी. दोन वर्षांत पयला होकार. क्रेडिट सळीचं. भाषण रविवारीच.

२८ एप्रिल
काल घराचा म्होरला सोपा माणसांनी भरला. पोरं चटईवर, पाव्हणे खुर्चीवर. समद्यांची तोंडं आईच्या शिलाई मशिनकडं. त्यावर विणलेलं कापड. मी भाषणाला उठलो. बाळाबाई म्हणाल्या, बघतोस काय, काढ की कापड, पिच्चर सुरू झाला असंल!
छपरावर त्यास्नी टीव्हीचा अँटेना दिसलाय, हे तवा कळलं. सांगाय तोंड उघडलं. मग कापडच काढलं. पोरांनी शिलाई मशिनकडं बघत तरीबी जरा वाट बघितली.
शेवटी आक्का आतनं आली. म्हणाली, आमच्यात टीव्ही न्हाय, वीज पडू नये म्हणून सळी हाय, ह्यो लाजतोय.
नवरदेवाचा बा चपला हुडकाय लागला. आई खांबाला टेकली. नवरदेव मात्र बसूनच. म्हणाला, आप्पा, बसा की. चहा यायचाय.
बा बसला. चहा झाल्यावर म्हणाला, पोरगी पसंत. येकच अट. ह्या मेव्हण्यानं आमच्या छपरावर चढायचं न्हाय.
सुपारी फुटली.
म्हणजे माझं भाषण झालंच. फक्त आक्कानं केलं.

३० एप्रिल
आईनं सळी उतरवाय लावली. परसात रोवून आता कापडं वाळत घालती. पट्ट्या चार असल्यानं लई बसत्यात म्हणाली. पुढं भूकंपाचा अभ्यास धरणार. त्यात वर चढाय लागत न्हाय.
खासबागच्या मामाची म्हस व्याली. रेडा.