शोरूमच्या गेटवर आपली गाडी

अहो,

गाडीची पूजा केली, हार घातला आणि तिला घेऊन मी भंडाऱ्याच्या शोरूमला चालली. चावी शोधत बसू नका. भात कुकरात आहे, वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. बीपीची गोळी आठवणीने घ्या.

आज दसरा. नवीन गाड्या न्यायला तिथं गर्दी असेल. गेटजवळ गाडी लावून मी जो येईल त्याला म्हणणार, "भाऊ, हेच मॉडेल आमच्याकडे वर्षभरापासून आहे. बसा, एक चक्कर मारून आणते." पहिल्याच खड्ड्यात खालून खडखड सुरू झाली की मला पुढे काही बोलावंच लागणार नाही.

दर सर्व्हिसला त्यांनी गाडी नुसती धुऊन परत दिली. मागच्या खेपेला तो मॅनेजर तुम्हाला काय म्हणाला, आठवते? "साहेब, गाडी एकदम मस्त आहे. आवाज मॅडम बसल्यावरच येते काय?" आणि तुम्ही त्याच्यासोबत हसले. साकोली येईपर्यंत मी डोळे मिटून होती. तुम्हाला वाटलं, झोपली.

आपट्याची पानं सोबत नेली आहेत. आवाज गाडीचाच आहे, हे मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला की त्याच्या हातावर सोनं ठेवीन. तोवर गेटवरून हलणार नाही.

तुमचं सोनंही माझ्याजवळच आहे. पाहिजे असेल तर एसटीने या आणि त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या बाजूच्या सीटवर बसा.

सत्यभामा