पायरीवरून दिसणारी रेघ

४ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं नदीकडच्या गल्लीतलं दुकान बघून आले. खिडकी उत्तरेला आहे, उजेड दिवसभर एकसारखा. तुझी व्हायोलिनं नि गिटारी टांगायला भिंती कोरड्या आहेत, हात लावून खात्री केली. मालक जरा जास्तच गोड बोलतो, तेवढं मला खटकलं. महिनाअखेरीला हो की नाही ते कळवा म्हणाला. दुसऱ्याच्या दुकानात वाद्यं दुरुस्त करून झिजलास तेवढं पुरे, आता घरी परत ये.

आता माझी गंमत ऐक. या गुडघ्यापायी मला वाटेत सारखं कुठल्या ना कुठल्या पायरीवर टेकावं लागतं. वाचनालयाच्या पायरीवर बसले, तर भिंतीच्या दगडात एक आडवी रेघ कोरलेली दिसली. वीतभर लांब, मधोमध खाली छोटीशी शेपूट. जन्म गेला माझा या रस्त्यावर, पण कधी दिसली नव्हती. पुढे बेकरीपाशी तशीच रेघ, पण कमरेएवढी उंच. घड्याळजीच्या भिंतीवर तर छातीशी. हे काय असेल रे? तुला सगळं ठाऊक असतं, निदान तसा आव तरी असतो.

तुझी,
आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुकानात एकटाच हसत बसलो. तुला दुकान बघायला पाठवलं नि तू भिंतींना डोळे लावून बसलीस. अगं, पूर्वी त्या रस्त्याने गाड्या जायच्या, त्यांच्या चाकांचे ओरखडे असतील. यापुढे रस्त्यात वाकून काही शोधू नकोस, लोक म्हणतील म्हातारीचं काहीतरी हरवलंय.

दुकानाचं मात्र मनावर घे. इथे मागच्या कोपऱ्यात बल्बच्या उजेडात काम करून डोळ्यांची वाट लागली आहे. ती उत्तरेची खिडकी मला स्वप्नात दिसते. मालकाला माझा होकार सांगून टाक. गुडघ्याला शेक घेतेस ना?

तुझा खोडकर पण आज्ञाधारक,
ठोक्या

२० फेब्रुवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

होकार अजून सांगितलेला नाही. आधी सगळं वाच, मग चिड.

चाकाच्या ओरखड्याला शेपूट नसते. मी विचार करत होते, एकच रेघ कुठे गुडघ्याशी, कुठे छातीशी का? मग उभ्या आयुष्याचं शिवणकाम कामी आलं. झग्याचा घेर सारखा करताना आम्ही जमिनीपासून उंची मोजतो. जमीन उताराची असली की माप फसतं. चूक घेराची नसते, जमिनीची असते. इथेही रेघ वर चढत नव्हती, रस्ताच नदीकडे उतरत होता. शेजारच्या गवंड्याला गळ घातली. त्याने पाणी भरलेली नळी या भिंतीवरून त्या भिंतीवर धरून बघितली. सगळ्या रेघा एका पातळीत निघाल्या. अरे, ती पुराची खूण आहे. कधीकाळी पाणी तिथवर चढलं होतं.

तशीच तुझ्या दुकानाशी गेले. सवयीने वाकून वाकूनच शोधलं, रेघ कुठेच नाही. जिवात जीव आला. निघताना गवंड्याने खांद्याला हात लावून वर बघायला सांगितलं. रेघ दाराच्या वर होती, माझ्या डोक्याच्याही दोन हात वर.

समोरच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. खिडकी त्यालाही उत्तरेचीच. तुझी स्वप्नं मोडायची हौस नाही मला, पण बघून गप्प बसवेना.

काळजीत असलेली,
आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

खूप राग आला होता. पत्र चुरगाळून टाकलं, मग परत सरळ केलं. मालकाला फोन केला, तर म्हणाला की तिथे पाणी आलेलं बघणारं माणूस आता हयात नाही. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. वरचा मजला म्हणजे जिना, नि जिना म्हटला की अर्धी गिऱ्हाइकं खालूनच परत.

काल एक व्हायोलिन आलं, ओलीत राहिलेलं. पेटी उघडली आणि त्याची पाठ माझ्या हातात सुटी आली. लाकूड जोडायचा आमचा सरस पाण्यापुढे हात टेकतो, हे मला वेगळं सांगायला नको. समोरचा मजला माझ्यासाठी ठरव. धुसफूस मी तिथे येऊन करीन.

तुझा,
ठोक्या

९ ऑगस्ट, पुढचं वर्ष

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं नि तू ताईच्या घरी आराम करते आहेस हे वाचून बरं वाटलं. तिला छळू नकोस.

इथे परवा नदीचं पाणी गल्लीत शिरलं. तू आधी बघितलेलं ते समोरचं दुकान बुटांच्या व्यापाऱ्याने घेतलं आहे. तो आला तेव्हाच मी त्याला दारावरची रेघ दाखवली होती, त्याने मला वेड्यात काढलं होतं. पाणी पायरीला लागलं तसा धावत माझा जिना चढून आला. आम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून त्याचे खोके वर आणले. अजून माझ्या व्हायोलिनांना बुटांचा वास येतो आहे. पाणी जुन्या रेघेपर्यंत नाही चढलं, पण माझं टेबल तिथे असतं तर ते पाण्याखाली गेलं असतं.

पाणी ओसरल्यावर माझ्या जिन्याशेजारच्या भिंतीवर चिखलाची कड उरली होती. गवंड्याची छिन्नी मागून आणली आणि त्या कडेवर रेघ कोरली. जुनीवर तारीख नाही, म्हणून मी तारीख घातली. शेपूट तशीच काढली, थोडी वाकडी आली. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत नाहीत, त्यांच्या ती कमरेच्या खाली राहते. पायरीवर बसलं की मात्र बरोबर डोळ्यांसमोर येते. तू आलीस की आधी तिथे टेक, मग हात धरून तुला वर नेतो.

लोभ आहे तसाच राहू दे,
ठोक्या