रडणाऱ्या मुलांची खोली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसंही आता थोडीच उरली आहेत. काल मंडळाची माणसं घरी आली होती. तुमच्यावर लेख हवाय, शनिवारच्या आत. जन्मभर मुदतीत मजकूर देत आले, हाही आज सकाळी लिहून झाला. त्यात जे आलं नाही ते इथं लिहितेय. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून काटछाटही करत नाही.

होटगीहून मी तुमच्या हाताखाली कामाला आले तेव्हा सोलापुरातल्या गिरणीच्या वस्तीत आपलं मंडळ म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या. एकीत वाचनालय, एकीत शिवणवर्ग, तिसरीत पाळणे. भोंग्याआधी बाया तान्ही पोरं आपल्याकडे ठेवून कामावर जात. पोर दिवसभर निजावं म्हणून घरोघर अफूची गोळी चाटवायची रीत होती आणि तुम्ही तिच्यावर दात धरला होता. दारात पोराच्या तळव्याला गुदगुली करायची, त्यानं पाय ओढला तरच आत घ्यायचं, हा तुमचा नियम. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक विणकरीण तुम्हाला म्हणाली, "अम्मा, गोळी न्हाय दिली तर दिसभर बोंबलंल की. मग तुमीच म्हणाल, घिऊन जा." तुम्ही पोर कडेवर घेत म्हणालात, "बोंबलू दे. मला रडणारंच पोर पायजे. गोळी उरली असंल तर नवऱ्याला दे." ती हसत हसत गिरणीत गेली.

वाचनालयातल्या मंडळींना मात्र या रडण्याचा जाच होई. पाळणे बंद करून खोली वाचनालयाला जोडावी असा ठराव आला, आणि निकाल देण्याआधी तीन सभासद पाहणीला आले. मला अजून दिसतंय. कोट-टोपीतले तिघे कानात बोटं घातल्यासारखे उभे आहेत, तुम्ही एकेक पाळणा दाखवताय. कोपऱ्यात एक पोर शांत निजलंय. थोरले सभासद म्हणतात, "याला म्हणतात वळण. सगळी अशी निजली तर आमची काय तक्रार?" तुम्ही वाकलात, तळव्याला बोट लावलंत, पापणी उचलून पाहिलीत. खोली वाचवायची तर पुढच्या पाळण्याकडे वळणं सोपं होतं. तुम्ही म्हणालात, "दादा, हे वळण नव्हे, अफू आहे. डॉक्टरांना घेऊन या. तुम्हीच जा, माझ्या बाया मोकळ्या नाहीत."

ते खरंच धावले. डॉक्टर येईपर्यंत आणि आल्यावरही तुम्ही ओल्या फडक्यानं पोराचं तोंड पुसत, हाका मारत राहिलात. दुपारचा भोंगा होऊन गेल्यावर ते रडलं, आणि असं रडलं की बाकीच्या पाळण्यांनीही सूर धरला. थोरले सभासद टोपी काढून उंबऱ्यावर बसले होते. "ठराव मागे घेतो," ते पुटपुटले. तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं सांगा, पोरांच्या आवाजात ऐकू येत नाही." त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं. अशा बाईच्या हाताखाली मी होते, हे मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दारात कोण होतं?" मी म्हणाले, "मी होते. गर्दीत राहून गेलं." तुम्ही रागावला नाहीत. मंडळाच्या वहीत लिहिलंत, 'दारात माझी नजर चुकली', आणि खाली सही केलीत.

ती खोली आजही आहे, आता पक्की. मागच्या आठवड्यात गेले तर दारातली मुलगी एका बाळाच्या तळव्याला गुदगुली करत होती. का करायची, तिला ठाऊक नव्हतं. "इथं असंच करतात," म्हणाली. मला फार बरं वाटलं.

वहीतली ती ओळ मी लेखात जशीच्या तशी दिलीय, तुमच्या मोठेपणाची खूण म्हणून. पण बाई, राहून गेलं नव्हतं. गुदगुली मी केली होती. त्या पोरानं पाय ओढला नाही, आणि सभासद पाहणीला यायचे होते म्हणून मला हायसं वाटलं.