वरच्या वाडीचे अकरा दंड

दि. ४ डिसेंबर १९३४, प्रातःकाल. भोर.
आजपासून रोजनिशी. हेतू आत्मपरीक्षण, वाचक मीच, त्यामुळे टीकेचा संभव अत्यल्प. देवी-प्रतिबंधाचा तपासनीस या नात्याने संकल्प: विंझरच्या वरच्या वाडीतील अकरांपैकी एकही बालक असंरक्षित राहणार नाही. देवी टोचणारा सावळाराम रडत आला. म्हणे, सारोळ्याच्या पुलाच्या पायात घालायला सरकार पोरं मोजतंय अशी आवई आहे, बाया लेकरं घेऊन रानात पळतात. वक्तृत्वाचा अभाव, दुसरे काय. मी दोन पृष्ठांचे संस्कृतप्रचुर आवाहन त्याच्याबरोबर धाडले.

दि. ११ डिसेंबर.
सावळाराम परतला. "समदी टोचली," एवढेच म्हणाला. आवाहनाचा प्रभाव अपेक्षेहूनही शीघ्र.

दि. १६ डिसेंबर, सायंकाळ.
वाडीस तपासणी. आत धूर व पिसवांचे साम्राज्य. शिवाय परस्त्रियांच्या माजघरात प्रवेश माझ्या शिष्टाचारात बसत नाही. म्हणून धोंडाबाईच्या घराबाहेर खिडकीखाली खुर्ची टाकून बसलो. एकेक माता आतून बालकाचा डावा दंड बाहेर काढी, मी फोड पाही, नाव लिही. अकरा दंड. प्रत्येकावर तीन समांतर फोड, प्रत्येक मनगटात काळा दोरा, त्यात एक निळा मणी. वाडीचे हे ऐक्य अनुकरणीय. चौथ्या दंडाने माझी पेन्सिल धरली. सातव्याने व दहाव्यानेही. बालके विद्याभिलाषी.
घरी कुंदेने विचारले, मुलांची तोंडं कशी होती. तक्त्यात तोंडाचा रकाना नाही, असे सांगितले. ती म्हणाली, "अहो, पण तुम्हाला तोंड आहे ना, विचारायचं." अप्रस्तुत.

दि. २२ जानेवारी १९३५.
वरून विचारणा: राखीव लस विंझरकडे पाठवावी काय? उत्तर: अनावश्यक, वाडी संपूर्ण संरक्षित, वरवे बुद्रुककडे वळवावी. स्वाक्षरी वळणदार आली.

दि. ९ फेब्रुवारी, मध्यान्ह.
कचेरीच्या खिडकीतून एक दंड आत आला. काळा दोरा, निळा मणी. पाहतो तो काही नाही. तिसरी वेळ. नेत्रविकार असावा; त्रिफळा सुरू. खिडकी लावून घेतली.

दि. १२ फेब्रुवारी.
त्रिफळा निरुपयोगी. शेजारच्या बाळाने पेन्सिल धरली, मी किंचाळलो. कुंदेस सांगितले, अपचन.

दि. २१ फेब्रुवारी.
वाडीचा गेनबा अंगणात उभा. बसेना. म्हणाला, देवी आल्यात, सहा पोरं गेली. मी असंभव म्हणालो, नोंदवही आणून दाखविली. अकरा नावे, अकरा स्वाक्षऱ्या. त्याने वहीवरून बोट फिरविले. म्हणाला, "हितं जिती हायत व्हय? मग ऱ्हाऊ द्या हितंच." निघून गेला.
'उद्धट' असे लिहिले होते. खोडले.

दि. २४ फेब्रुवारी. वरची वाडी.
दारोदारी कडुलिंब. सहा घरांत झोळ्या गुंडाळून आढ्याला अडकवलेल्या. सवयीने धोंडाबाईच्या खिडकीखाली थांबलो. ती म्हणाली, "भाईर का? आता तरी आत या."
आत गेलो. धूर होता. पिसवा मात्र दिसल्या नाहीत.
तिने सांगितले, तिचा आवाज चढला नाही. सावळारामाने टोचली ती तिची ठकू एकटीच. बाकीच्या बाया लेकरे घेऊन रानात होत्या. मग मी येणार कळल्यावर साऱ्या बाया ठकूचा दंड उसना मागायला आल्या. "तुमी वहीत लिवलं की सुटलो, आसं वाटलं त्यास्नी. दंड येकच व्हता, सायेब. म्या म्हनलं, वळखतील. शिकल्याली मानसं."
ठकू कोपऱ्यात बसली होती. दीड वर्षाची. डाव्या गालावर तीळ. ही माझ्या तक्त्यात नसलेली नोंद.
मी दिसताच ती उठली, धडपडत खिडकीशी गेली. धोंडाबाई म्हणाली, "त्यो खेळच झालाय तिचा." ठकूने डावा दंड बाहेर काढला आणि वाट पाहत उभी राहिली.
बाहेर कोणी नव्हते.