फ्राऊबाईंच्या घरचे शब्द

आये, तुला जाऊन साठ वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं आन् मी तिसरीतनं शाळा सोडलेली, म्हणून हे लिहायचं राहिलं.

शिरूरच्या मिशन बंगल्यात तू गोऱ्या मडमेच्या हाताखाली रांधायला शिकलीस, कामापुरतं इंग्रजीही. मडम मायदेशी गेली आन् आपण दौंडला आलो. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला जर्मन साहेब आला होता, त्याच्या घरी तू रांधायला लागलीस. त्याची बायको आधी नर्स होती, पण इंग्रजीला कोरी. म्हणून तुझे इंग्रजी शब्द मी वहीत लिहायचे आन् साहेबाला विचारून शेजारी जर्मन. वॉटर म्हंजी वासर, थँक यू म्हंजी डांके, गुड म्हंजी गुट, मॅडम म्हंजी फ्राऊ. इथं तू अडलीस. "नुसतं फ्राऊ? ती काय माझी जाऊ हाय? फ्राऊबाई म्हणीन." शेवटपर्यंत तेच म्हणालीस.

एकदा मी दुखण्याचा शब्द विचारून आणला. श्मेर्ट्स. वाचून दाखवला तशी तू कणीक मळता मळता थांबलीस. "खोड त्यो. कामाच्या घरात असला शब्द कशापायी? दुखणाईत बाईला कोण ठेवतंय?" मी खोडला.

मग तो दिवस. तू ओट्याला पोट दाबून उभी आहेस, ओठ पांढरेफटक. फ्राऊबाई आत येते, तुझ्या तोंडाकडं बघते. "गुट?"

"गुट, फ्राऊबाई. डांके."

ती माझ्याकडं वळते. तू डोळे वटारतेस. मी म्हणते, "गुट."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, आतडं फुटलंय, आधी का नाही आणलं? फ्राऊबाई माझे खांदे धरून काहीतरी विचारत होती. तू तोवर गेली होतीस.

नात आता पुण्याला जर्मन शिकते. तिला मी सांगितलं, आईच्या धाकानं गप्प बसले. खोटं. तुला मी कधी भ्यायले? बोट पोटाकडं दाखवायला कुठली भाषा लागते? त्या घरात मला रोज पाव-लोणी मिळायचं. तुला काढलं तर ते बंद होईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

हे कुठं धाडायचं नाही. नातीच्या हाती लागायच्या आत फाडते. त्या दिवशीही, तू भिंत धरून घरी गेल्यावर, मी मागं राहून दोन तुकडे खाल्ले.