नऊ दुकानांची तपासणी

३ मार्च
चि. छोटीस, अ. उ. आ.

तुमच्या गल्लीतली वजनं तपासून काल परत आलो. तुझ्याकडे चहाही न घेता निघालो, त्याचा राग धरू नकोस. निरीक्षक सोयऱ्याकडे चहाला बसला की लोकांच्या जिभा चालू होतात. मेहुण्यांची वजनं तर मी मुद्दाम डोळ्यांत तेल घालून तपासली. तसूभरही फरक नाही. नऊच्या नऊ दुकानांत तेच.

खरं सांगायचं तर मी चक्रावलो आहे. देवाला सोडलेला समाज आतून सडत जातो, असा उपदेश बाबांनी जन्मभर केला. तुमच्याकडे प्रार्थनामंदिराचं फर्निचरचं गोदाम झालं, देवाचं नाव कोणी घेत नाही, आणि माप मात्र चोख. बाबांचं कुठेतरी चुकलंच म्हणायचं. साहेबांच्या मते तुमच्या बाजाराला यापुढे तपासणीची गरज नाही. तसा अहवाल मी लवकरच पाठवणार आहे.

मेहुण्यांना सलाम. लोभ आहे तो वाढव.
दादा

९ मार्च
ती. दादास, प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

चहा बुडवलास तो बुडवलास, वर साहेबी कारणं देतोस. सासूबाईंचे गुडघे धरलेत, माझा खांदा धरलाय, ह्यांचं मात्र झकास चाललंय. दुकानात नवं काचेचं कपाट आलं. तुझ्या अहवालाचं ऐकून ह्यांनी लगेच शेजारच्या दुकानदारांना बोलावून सांगितलं.

समोरच्या खोलीतली शिवणवाली परवा दुकानात आली होती. नवरा गेल्यापासून दोन मुलांचं तीच बघते. पाच किलो पीठ हल्ली आठवडाभर पुरत नाही, म्हणाली. मुलं वाढायला लागली की पीठ कमीच पडतं, असं हे हसून म्हणाले. तीही हसली. मला मात्र तिथे उभं राहवेना, आत निघून गेले.

तो अहवाल पाठवलाच पाहिजे का? तू आमच्याबद्दल फार चांगलं लिहिशील, याचीच मला काळजी वाटते. माया आहे तशी राहू दे.
छोटी

१४ मार्च
चि. छोटीस, अ. उ. आ.

अहवाल लिहून झाला, येत्या शनिवारी टपालात पडेल. कौतुकाची काळजी वाटणारी तू पहिलीच भेटलीस. बायबलातल्या त्या पापी नगरात दहा नीतिमान सापडले नाहीत म्हणून आभाळातून आग पडली; तुमच्या एका गल्लीत नऊ निघाले. बाबा असते तर दहाव्यासाठी अडून बसले असते. ते असंही म्हणायचे की दर वेळी आगच पडते असं नाही, पुष्कळदा देव नुसता धरलेला हात सोडतो. मला ते कधी नीट कळलं नाही.

खांदा डॉक्टरांना दाखव. आठवण ठेव.
दादा

१६ मार्च
ती. दादास, प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

खांदा कशाने दुखतो ते सांगते. अख्ख्या गल्लीत खऱ्या वजनांचा संच एकच आहे. तू एका दुकानातून बोलत बोलत बाहेर पडतोस, तेवढ्यात मी तो पिशवीत घालून मागच्या बोळातून पुढच्या दुकानात पोचवते. तू नऊ वेळा तीच वजनं तपासलीस. बाकीची सगळी तळातून पोखरलेली आहेत, आमचीसुद्धा.

इथे कोणी दुष्ट नाही रे. आजारपणात सगळे धावून येतात. फक्त भ्यायला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि आता तूही जाणार. तपासणीच्या दिवशी मला लाज वाटली नाही. सगळ्यांनी माझ्या चपळाईची तारीफ केली आणि मी खूश झाले. काल तुझ्या पत्रात बाबांचं वाक्य वाचलं, शिवणवालीचं हसू डोळ्यांपुढे आलं आणि मी घाबरले. हात सुटला तरी आपण पडतोय असं वाटतच नाही, दादा.

अहवाल थांबव. न कळवता ये आणि सुरुवात आमच्या दुकानापासून कर. ह्यांना मी काही बोललेली नाही. दुकानाला टाळं लागेल, आणि हे मला घरात ठेवतील की नाही ते सांगता येत नाही. तरी ये. ती पोखरलेली वजनं मीच काढून तुझ्यासमोर ठेवीन.

माझंही नाव लिहावं लागलं तर लिही. लोभ तेवढा काढून घेऊ नकोस.
तुझी छोटी